दारातली बाई

"आई, बाजूला हो."

गार्गी पाठीला सॅक लावून सोप्यात उभी होती. मी दारात होते, हातात दुधाची पिशवी. बाजूला व्हायचं तसं काही कारण नव्हतं. माझ्या डाव्या अंगानं एखादी म्हैस सहज बाहेर गेली असती.

"जा की. मी कुठं अडवलंय?"

"तू दारात उभी आहेस."

"दूध घ्यायला उभी आहे, गार्गी."

"तू कायम कशाला ना कशाला तरी उभीच असतेस."

मी बाजूला झाले. ती माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरली आणि तिच्यामागे दार आपलं आपण लागलं. आमची चौकट दोन वर्षांपासून कलली आहे. खाली वरवंटा लावला नाही तर दार उघडं राहत नाही. सुतार 'उद्या येतो' म्हणून गेला, त्याला दिवाळी उलटली. मी त्या बंद दाराकडे बघत राहिले, आणि आपण अजून दारातच उभ्या आहोत हे ध्यानात आल्यावर दचकून स्वयंपाकघरात गेले.

माझी वीस वर्षांची एकुलती एक मुलगी मला घाबरत नव्हती की माझ्यावर चिडत नव्हती. तिनं मला ओळखलं होतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं. आणि ज्या पेटीत घालून ती माझ्याकडे बघत होती ती पेटी मीच तयार केली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

मी संयोगिता खराडे. इचलकरंजीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. गार्गीचे बाबा तिरुपूरला सूतगिरणीत आहेत, महिन्यातून एकदा येतात. बाकी घरात आम्ही दोघीच.

पीएचडीला मी विषय घेतला होता अल्बमच्या गाण्यांतली गोष्ट. हळदीची गाणी, प्रेमभंगाची गाणी, गावातल्या पोरांनी एका कॅमेऱ्यावर काढलेली, साडेतीन-चार मिनिटांची. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख म्हणाले होते, "खराडे बाई, लोक संतवाङ्मयावर काम करतात. तुम्ही हळदीत नाचणार?" मी नाचले. सहाशे बारा गाणी पाहिली, थांबवून थांबवून, एकेक चित्र उलगडून.

कथनशास्त्रात एक जुनी सोय आहे. कुठलीही गोष्ट घ्या, माणसं कितीही असोत, त्यांची कामं मोजकीच असतात. कुणाला तरी काही तरी हवं असतं. त्याला कुणी मदत करतं, कुणी अडवतं, आणि कुणी मदतीचं सोंग आणून घात करतं. मी प्रत्येक गाण्यातल्या प्रत्येक माणसाला यातल्या एकेका पेटीत घातलं. घराच्या दारात हात पसरून, कपाळाला आठ्या घालून उभी असलेली बाई पुनःपुन्हा दिसायची. तिच्यासमोर मी न चुकता लिहायची : आई, अडवणारी.

दुसरा विचार माझा स्वतःचा होता. गाण्यात शब्द मागे येतात आणि चित्र पुढे जातं. धृपद तेच, पण पहिल्या वेळी पोरगी स्टँडवर असते, दुसऱ्या वेळी घराच्या उंबऱ्यात, तिसऱ्या वेळी तिची जागा रिकामी. मधे काय घडलं ते कुणी दाखवत नाही, दाखवायला वेळच नसतो. ते बघणारा भरतो. आणि भरायला सामान आणतो कुठून? आपल्या घरातून. माझ्या प्रबंधाचा सगळा जीव एवढाच होता आणि तो आमच्या ग्रंथालयात सुखानं धूळ खात पडला होता.

हर्षल मगदूमनं तो बाहेर काढला. हर्षल माझा विद्यार्थी, आधी मराठीत बीए आणि मग संगणक, असा उलटा गेलेला. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी कोल्हापुरात 'तिठा' नावाचं गाण्यांचं ॲप काढलं, आणि आता कुणी गाणं नुसतं ऐकत नाही, तिठ्यावर बघतं.

तिठ्याचा चष्मा मिळतो. त्याच्या काड्यांतले बारीक कॅमेरे बघणाऱ्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांवर लक्ष ठेवतात. बाहुली मोठी झाली, पापणी लवायची थांबली, की यंत्राला कळतं की हा माणूस या ठिकाणी रिकामी जागा भरतो आहे. पुढच्या गाण्यात त्या जागी त्याच्या घरातलं काहीतरी ठेवलं जातं. चेहरा नाही, परवानगीवाचून चेहरा वापरायला कायद्यानं बंदी आहे. पण भिंतीचा रंग, पदर खोचायची ढब, चालताना किंचित खाली जाणारा खांदा, याला कसली परवानगी? चष्मा दिवसभर डोळ्यावर असतो, त्याला घर पाठ असतं. गाणं सगळ्यांना एकच आणि चित्र ज्याचं त्याला, तिथल्या तिथे काढलेलं. त्यात कोण मदत करणार आणि कोण अडवणार, हे ठरवायला यंत्राला शिकवलं होतं माझ्या सहाशे बारा गाण्यांवर. तिठ्याच्या माहितीपुस्तिकेच्या प्रस्तावनेत आभार मानले होते माझे. मी ते पान फ्रेम करून सोप्यात लावलं होतं.

गार्गी दिवसाला साठ-सत्तर गाणी बघते; तिची काही चित्रं तिच्या फोनवर मीही पाहिली आहेत. सगळ्यांत एक मुलगी घराबाहेर पडत असते, आणि दारात एक बाई उभी असते. बाईचा चेहरा उजेडाच्या विरुद्ध. खांदा मात्र माझा.

आमच्या गल्लीतल्या बायका आताशा दारात उभ्या राहत नाहीत. असं कुणी ठरवलं नाही. भाजीवाला आला की खिडकीतून पिशवी सोडतात. शेजारच्या नेजकर काकू मला म्हणाल्या, "पोरं कशी बघत्यात, ते बघवत न्हाई ओ." त्यांना कारण माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

गार्गीला भुजला नैसर्गिक रंगाईच्या शाळेत जागा मिळाली होती. यंत्रमागांच्या गावात वाढलेल्या पोरीला हातानं रंगवलेल्या कापडाचं वेड लागलं, याचा मला केवढा आनंद झाला होता. अर्ज मीच भरायला लावला होता. त्या दिवशी दुपारी ती कॉलेजातून आल्यावर मी विषय काढला.

"रविवारी मी येऊ सोडायला?"

"का? मी खरंच गेलो का, ते बघायला?" गार्गी म्हणाली. आमच्याकडच्या पोरी 'गेलो-आलो'च म्हणतात.

"तसं नाही. सामान आहे, लांबचा प्रवास—"

"तुला मला घालवायची घाई झालीय, आई."

"बरं, मग नको जाऊस. पुढच्या वर्षी जा."

"बघ, अडवलंस."

मी पान घेतलं. ताटात भात वाढला, आमटी वाढली. ती माझ्याकडे बघत होती, शांतपणे. पुढचा प्रसंग ठाऊक असलेला माणूस बघतो तसं.

"आता गप्प बसून रुसणार," ती म्हणाली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. 'नाही' म्हटलं तर मी अडवणारी. 'हो' म्हटलं तर मदतीचं सोंग घेणारी. मी केलेलं काहीही त्या दोन पेट्यांच्या बाहेर पडत नव्हतं, कारण बाहेर जागाच नव्हती. मी ती ठेवली नव्हती.

"तिथं गेल्यावर मी नंबर बदलणार आहे," ती म्हणाली.

"मला देशील ना?"

"बघू."

तिनं चष्मा चढवला. मी तो काढ म्हणाले नाही. म्हटलं असतं तर काय झालं असतं हे मला कळत होतं. रविवारला पाच दिवस होते, आणि पाच दिवसांनी माझी मुलगी मला कायमची सोडून जाणार होती. तेही अशा एका बाईला, जी मी नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कोल्हापूरला हर्षलकडे गेले. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. शिष्य चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

"त्या दारातल्या बाईला काढून टाक," मी म्हणाले.

"मॅडम, ती कशी काढायची? पायाचा दगड हाय तो." त्यानं पडद्यावर आकडे आणले. "सहाशे बारा गाण्यांत दोनशे सव्वीस वेळा बाई दारात हाय. दोनशे सव्वीसच्या दोनशे सव्वीस वेळा तुम्ही 'अडवणारी' लिहिलंय. एवढी पक्की नोंद दुसरी कुठलीच न्हाई. यंत्र तिच्यावरच उभं हाय."

"माझी मुलगी चाललीय, हर्षल."

त्यानं मान खाली घातली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, टेबलावरचा चष्मा माझ्यापुढे धरला. "तुम्ही स्वतः कधी बघितलंय का, मॅडम?"

बघितलं होतं. कॉलेजातल्या मधल्या सुट्टीत, रोज चार-पाच गाणी, विरंगुळा म्हणून; मग घरीही चष्मा डोळ्यावरच राहायचा. त्यानं माझं नाव घातलं, मी चष्मा लावला. गाणं लागलं. जमिनीला लाल कोबा, आमच्यासारखाच. एक मुलगी लपूनछपून बॅग भरते आहे. आत झोपलेल्या बाईला न सांगता ती चोरपावलांनी निघते, मागं वळून बघत नाही, आणि तिच्या चालीत गार्गीचा तो एक पाय जरा ओढायचा ढंग. माझ्या चित्रात अडवणारं कुणी नव्हतं. माझ्या चित्रात मुलगी चोर होती.

मी चष्मा काढला तेव्हा माझे गाल ओले होते. दोन महिने मी गार्गीची सॅक तपासत होते. ती आंघोळीला गेली की तिची वही उघडत होते. का, ते मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिला अडवणारी दिसत होती आणि मी हळूहळू तशी होत चालले होते.

"जुनी गाणी दाखव," मी म्हणाले. "दारातली सगळी. एकामागोमाग एक."

त्यानं लावली. वीसएक झाल्यावर मी म्हणाले, "थांब." हिरवं दार. दोन फळ्यांचं, डावीकडच्या फळीवर कुणीतरी खडूनं काढलेलं स्वस्तिक. त्याच्या पुढच्यात तेच दार. त्याच्या पुढच्यातही. आणि बाई तीच, नुसतं लुगडं वेगळं. दोनशे सव्वीसातल्या एकशे चाळीस वेळा तीच एक बाई, तशीच हात पसरून. मी हे कधी पाहिलंच नव्हतं. मी पेट्या भरत होते. चेहरे बघायला मला सवड नव्हती.

"ही कोण?"

"आपल्याला काय करायचं, मॅडम?" हर्षल म्हणाला.

गाण्यांच्या शेवटी नावं येतात, त्यात 'विशेष आभार' म्हणून एक नाव होतं. शनिवारी सकाळी मी कुरुंदवाडच्या पलीकडे, नदीकाठच्या एका गावात, त्या हिरव्या दाराशी जाऊन उभी राहिले. रंग पार उडाला होता. आक्काताई चौगुले आता ऐंशीला टेकल्या होत्या. त्यांनी मला कोण-कुठली विचारायच्या आधी आत बसवलं, ताक दिलं.

"तुम्ही गाण्यांत काम करत होता ना?"

"काम कसलं?" त्या हसल्या. "पोरास्नी घर पायजे हुतं शूटिंगला. मी म्हणलं, घर दिसणार तर मी बी दिसणार. ती रीतच हुती की. ज्याचं घर, त्याला येकदा तरी हुबं करायचं. माझं घर फोटूत चांगलं पडलं, मग सगळीच यायची."

"आणि तुम्ही आईचं काम करायचात. अडवणाऱ्या आईचं."

"कुणाला अडवलं?"

मी फोनवर चित्र दाखवलं. नाचणारी मुलगी पायऱ्यांवर, आणि मागं आक्काताई, दोन्ही हात दोन फळ्यांवर पसरलेले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"ह्ये व्हय? अवो, फळ्या ऱ्हाईत न्हाईत की उघड्या. उतार हाय सोप्याला. वारं आलं की धाडदिशी लागायच्या. येकदा त्या नाचणाऱ्या पोरीची बोटं सापडली मधी, क्येवढी वराडली. तवापास्नं मी धरूनच हुबी ऱ्हायाची. पोरगी भाईर पडंस्तवर सोडायचं न्हाई, म्हणलं."

मी चित्रातल्या कपाळावर बोट ठेवलं. "आणि या आठ्या? चेहरा रागावल्यासारखा आहे तुमचा."

"दार उगवतीला हाय, बाई. सकाळच्या पारी शूटिंग. ऊन डोळ्यांत यायाचं."

मी ताकाचा पेला खाली ठेवला आणि परक्या बाईच्या सोप्यात बसून रडले. एकशे चाळीस वेळा ही बाई कुणाच्या तरी लेकीसाठी दार उघडं धरून उभी होती. आणि मी, संयोगिता खराडे, एमए पीएचडी, पंख्याखाली बसून तिच्यापुढे 'अडवणारी' असं लिहीत होते. ज्यांनी गाणी काढली त्या पोरांपैकी एकाला जरी विचारलं असतं तरी कळलं असतं. पण आम्ही विद्वान माणसं. आम्ही गोष्टीला विचारतो, माणसाला विचारत नाही.

आक्काताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कशासाठी रडते ते विचारलं नाही. "घ्या, ताक घ्या," एवढंच म्हणाल्या.

एसटीची वाट बघताना मी हर्षलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. 

"नोंद बदलतो मॅडम. आजच्या आज बदलतो. पण उपयोग न्हाई."

"का?"

"यंत्र आता तुमच्या गाण्यांवरनं शिकत न्हाई. कवाच थांबलं ते. आता ते लोकांच्या डोळ्यांवरनं शिकतं. आणि लोकांना आता दारात बाई दिसली की ती अडवणारीच वाटते. बाहुल्या तसंच सांगतात. खोटं न्हाई सांगत."

"म्हणजे माझी चूक खरी झाली."

"तसंच म्हणायला लागंल," हर्षल म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. त्यालाही आई आहे, जयसिंगपूरला.

संध्याकाळी गार्गीला मी सांगितलं. आक्काताई, फळ्या, बोटं, ऊन, काही गाळलं नाही. माझी चूकही सांगितली, सॅक तपासत होते तेही सांगितलं. तिनं चष्मा काढून ठेवून ऐकलं. मला आशा वाटली.

"गोष्ट चांगली आहे, आई," ती म्हणाली. "पण आजच का सांगतेस? जायच्या आदल्या दिवशी?"

 निघायच्या आदल्या दिवशी येऊन डोळ्यांत पाणी आणून काही सांगणारं माणूस गोष्टीत कोण असतं, हे माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे. उदाहरणांसकट.

रविवारी सकाळी मी ठरवलं की दाराकडे फिरकायचंच नाही. गोष्टीतून बाहेर पडता येत नाही, तर निदान चित्रातून तरी बाहेर राहू. वरवंटा लावून दार सताड उघडलं, स्वयंपाकघरात पाट घेतला आणि वाटाणे सोलत बसले. डबा तिच्या पिशवीत आधीच ठेवला होता, धपाटे आणि चटणी. आठच्या सुमारास रिक्षानं भोंगा दिला. तिची पावलं ऐकली, चाकांच्या बॅगा ओढल्याचा आवाज ऐकला. ती 'जातो' म्हणायला आत येईल असं वाटत होतं. ती आली नाही. मी शेंग हातात धरून बसले होते.

मग काहीतरी धडकलं, वरवंटा घरंगळला आणि दार लागलं. गार्गीनं ते उघडलं असावं. ते परत लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लागलं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बॅग, पाठीवर सॅक. तिसऱ्यांदा दार तिच्या कोपराला लागलेलं मला ऐकू आलं.

"आई," ती ओरडली, "दार धर की."

मी वाटाण्यांचं ताट ओलांडून पळाले. दार ओढून उघडलं, एक हात मागं फळीवर दाबला, तोल जाऊ नये म्हणून दुसरा चौकटीवर ठेवला आणि उंबऱ्यात उभी राहिले. गार्गी एक बॅग घेऊन माझ्या दंडाखालून वाकून बाहेर पडली. बॅग तिनं रिक्षात ठेवली आणि दुसरीसाठी वळली.

तिला काय दिसतंय ते मला कुणी सांगायला नको होतं. दोन्ही हात पसरलेली बाई, कपाळाला आठ्या. आमचंही दार उगवतीला आहे. सकाळचं ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येत होतं आणि मी कितीही प्रयत्न केला तरी कपाळ सैल पडत नव्हतं. हातही काढता येत नव्हता, तिची दुसरी बॅग अजून आत होती.

ती खालच्या पायरीवर थांबली. "आई, ऊन येतंय का डोळ्यांवर?"

"येतंय."

ती दोन पायऱ्या वर चढली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिची सावली माझ्या तोंडावर पडली. डोळ्यांना एकदम थंड वाटलं आणि माझं कपाळ सुटलं, ते मला जाणवलं. तिच्यामागे सगळा उजेड होता. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता की केसांत सरकवलेला, ते मला काही केल्या दिसेना. ती माझ्याकडे बघत होती एवढं कळत होतं. मी नंबर मागितला नाही. भुजला पाणी उकळून पी असंही म्हणाले नाही, फार मनात होतं तरी. काहीही बोलले असते तरी ते कुठल्या ना कुठल्या पेटीत पडलं असतं.

रिक्षावाल्यानं पुन्हा भोंगा दिला. गार्गी माझ्या दंडाखालून आत गेली, बॅग घेऊन बाहेर आली, उतरली. सावली गेली आणि ऊन परत डोळ्यांवर आलं. रिक्षात बसताना तिनं एकदा मागं पाहिलं. तेव्हा मी पुन्हा आठ्या घातलेली, दारात हात पसरून उभी असलेली बाई होते.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. समोरच्या खिडकीतून नेजकर काकू बघत होत्या. पोरगी बाहेर पडली होती, आता दार सोडायला हरकत नव्हती. मी ते धरून उभी राहिले.